चार पुड्या साखर

कोंडीराम दारू प्यायला, हे पहिल्यांदा ज्याच्या तोंडातून निघालं त्याची जीभ कशी झडली नाही, देव जाणे. एकवीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ वागवणारा माणूस. वाघोलीच्या दगडखाणीवर त्याची सारी उमर गेली. संध्याकाळी खाणीवरची सगळी गडीमाणसं गुत्त्याकडं वळायची आणि हा एकटा पहार खांद्यावर टाकून घरची वाट धरायचा. लोक चेष्टा करायचे, बायकोच्या पदराला बांधलाय म्हणायचे. ते चालायचं. पण दारूचा आळ? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि आळ घेणारे कोण, तर ज्यांच्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या दुर्गाबाईनं पोत्यात भरायच्या, ते.

दुर्गाबाई त्याची बायको. खाण बंद झाली तेव्हा कोंडीरामाच्या छातीत वीस वर्षांचा धुरळा आणि हातात काही नाही, अशी गत होती. तेवढ्यात नगर रस्त्याला काचेची मोठी कंपनी उभी राहिली. आत पोरं-पोरी दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसायची. ठेकेदाराच्या हाताखाली कोंडीराम तिथं माळी म्हणून लागला आणि दुर्गाबाई कँटीनमध्ये भांड्याला. माळीकाम म्हणजे काय, तर विकत आणलेल्या गवताला दोन वेळा पाणी. वाघोलीत माणसांना टँकर आठवड्यातनं दोनदा, आणि इथं गवत सकाळ-संध्याकाळ न्हायचं. कोंडीराम पाइप धरून उभा राहायचा आणि घरी आला की म्हणायचा, आपल्यापरीस त्या गवताचं नशीब थोर.

दोन वर्षांमागं सरकारी दवाखान्यात त्याला साखर निघाली. साखर म्हणजे मधुमेह. ही गोष्ट दोघांनी उंबऱ्याच्या आत दाबून ठेवली. कारण ठेकेदाराचा कायदा असा की दरसाल त्यानं ठरवलेल्या डॉक्टरकडनं फिटनेसचा दाखला आणायचा. साखर, बीपी, दम, काही निघालं की माणूस घरी. झाडूवाला श्याम असाच घरी बसला होता. ठेकेदाराचा डॉक्टर छातीला नळी लावायचा, जीभ बघायचा आणि सही ठोकायचा. रक्त काही काढत नव्हता. म्हणून निभत होतं.

घरात मात्र दुर्गाबाईनं साखरेला हद्दपार केलं. गूळ नाही, चहा कडू, सणाला पुरणाची पोळी शेजारच्या घरी. उन्हातनं आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी द्यायची रीत, तीही तिनं मोडली. घरात खडा दिसला तर नवऱ्याचा हात जाईल, ही भीती. भावकीतल्या बायका म्हणाल्या, दुर्गी कंपनीत गेल्यापासून चिक्कट झाली. तिनं ऐकून घेतलं. साखर म्हणजे विष, एवढं एकच तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

चैत्र लागला आणि कोंडीरामाला ताप भरला. खोकला असा की खाट हलायची. बेडका तांबूस पडायला लागला तेव्हा दुर्गाबाई त्याला घेऊन दवाखान्यात गेली. जवळचा दवाखाना एकच, त्या दाखलेवाल्या डॉक्टरचा. त्यानं छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि सांगितलं, उजव्या बाजूला न्यूमोनिया आहे. नवीन आलेली भारी गोळी देतो, सात दिवस घ्या. मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता त्यानं विचारलं, "दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत?"

कोंडीरामानं दुर्गाबाईकडं बघितलं. दुर्गाबाईनं कोंडीरामाकडं.

"न्हाय," कोंडीराम म्हणाला.

"न्हाय जी," दुर्गाबाईनंही री ओढली.

पुढं ती ह्या एका शब्दावरनं स्वतःला किती शिव्या देणार होती, त्याची गणती नाही. पण तिचं तरी काय चुकलं? ज्याच्यापुढं आजार सांगायचा, त्याच्याच सहीवर पोटाची भाकरी टांगलेली. अशा डॉक्टरला कोण खरं सांगेल, सांगा बरं.

तीन दिवस कोंडीराम पडून राहिला. चौथ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर सुदर्शन, विशी-बाविशीचं पोरगं, त्याचा फोन शेजाऱ्याकडं आला. उद्या आला नाही तर दुसरा माळी बघतो, असा निरोप. ताप उतरला होता पण अन्नावर वासना नव्हती. सकाळी कोंडीरामानं दोन घास भाकरी खाल्ली, छातीची पिवळी गोळी घेतली, साखरेची पांढरी घेतली. पायात चपला घालताना त्याचे हात लटलट कापायला लागले. कपाळावर घाम आला. दुर्गाबाईला वाटलं, तापात साखर चढली. तिनं डब्यातनं आणखी अर्धी पांढरी गोळी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं बायकोवर भरवसा ठेवून गिळली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता दोष द्यायचा कोणाला.

अकराच्या सुमाराला कँटीनमध्ये मालनबाई धावत आली. ती दुर्गाबाईच्या जोडीला भांड्याला होती. तिनं हात धरून बाजूला ओढलं आणि हळूच सांगितलं, तुझा मालक पिऊन आलाय म्हणत्यात, बाहेर तमाशा चाललाय. दुर्गाबाई साबणाच्या हातानं तशीच पळाली.

बाहेर ऊन रणरणत होतं. कोंडीराम पाइप धरून काचेच्या दारावर पाणी मारत होता. अंगातला खाकी सदरा घामानं पाठीला चिकटलेला, डोळे कुठंतरी लांब लागलेले. तोंडानं काहीबाही बरळत होता. सुरुंग लागलाय, बाजूला व्हा, असं खाणीवरचं जुनं बोलणं. दाराच्या आत पोरं-पोरी उभी होती आणि एकजण मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता. गेटवरचा सुरक्षारक्षक जयसिंग त्याच्या हातातला पाइप ओढत होता. कोंडीराम सोडेना. शेवटी जयसिंगनं त्याला खांद्याला धरून असा रेटला की तो गवतात बसकण मारून पडला.

"सकाळी सकाळी लावून आलाय म्हातारा," जयसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

दुर्गाबाईनं नवऱ्याचं तोंड हातात धरून हुंगलं. चारचौघांत नवऱ्याचं तोंड हुंगायची वेळ तिच्यावर आली. वास खोकल्याच्या औषधाचा होता, दुसरा कसलाही नाही. ती ओरडून सांगत होती की माळ हाय गळ्यात, बघा, पण माळेला कोण विचारतो. मालनबाई म्हणाली, उन्हाचं झालं असंल, गूळ-पाणी दे. तर दुर्गाबाई तिच्यावरच खेकसली, साखर चढलीय त्यांची, मारतीस का काय त्यास्नी.

कंपनीची बस उभी करून ड्रायव्हर मकबूल आला. पन्नाशीचा माणूस, भवानी पेठेतला, स्वतःला दहा वर्षांची साखर. तो गवतात गुडघ्यावर बसला आणि त्यानं कोंडीरामाचा हात हातात घेतला.

"वैनी, हात बघा. गार आहे, बर्फासारखा. घाम पण गार. साखर चढली तर असा घाम येत नाही. ह्यांची साखर उतरली आहे."

"उतरली तर चांगलंच न्हवं?"

"मरतो माणूस. पळा, साखर आणा. अजून गिळतोय तोवर."

ज्या विषाला तिनं दोन वर्षं घराबाहेर ठेवलं, ते आणायला दुर्गाबाई धावत सुटली. कँटीनच्या चहाच्या टेबलावर साखरेच्या कागदी पुड्या टोपलीभर पडलेल्या असायच्या. पोरं-पोरी अर्धी टाकायची, अर्धी फेकायची, आणि फेकलेली दुर्गाबाई झाडायची. पण कामाच्या बायकांनी त्यांना हात लावायचा नाही. मागं एकदा पुड्या कमी भरल्या, तेव्हापासून रोज घरी जाताना गेटवर बायकांच्या पिशव्या तपासायचे. तिनं चार पुड्या मुठीत घेतल्या आणि वळली, तर दारात जयसिंग.

"काय आहे मुठीत? बाहेर न्यायचं नाही. आधी एंट्री कर."

तिकडं नवरा गवतात डोळे फिरवतोय आणि इकडं हा वही पुढं करतोय. दुर्गाबाईनं त्याच्या छातीला खांदा दिला आणि ती निघून गेली. जयसिंगनं मागं राहून वहीत लिहिलं, ते तिला नंतर कळलं: चार पुड्या साखर, विनापरवाना.

मकबूलनं पाण्याच्या बाटलीच्या झाकणात साखर कालवली आणि घोट घोट करून पाजली. कोंडीरामानं गिळलं. दहा मिनिटं गेली. हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख आली. स्वतःच्या ओल्या सदऱ्याकडं बघून त्यानं विचारलं, "काय झालं गं?" दुर्गाबाईला रडू आलं. आणि जयसिंग काय म्हणाला? म्हणाला, बघा, लिंबू-पाणी मिळालं की उतरते तशी उतरली.

मकबूल म्हणत होता, ह्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, गोळीनं उतरलेली साखर परत पडते. कोणी ऐकलं नाही. सुदर्शननं कोंडीरामाला गेटच्या केबिनमध्ये बसवून ठेवला. निकाल कंपनीच्या मॅडमनी द्यायचा, आणि त्या मीटिंगमध्ये होत्या. दुर्गाबाईला त्यानं कामावर हाकललं, साडेबाराला जेवणाची गर्दी सुरू होते म्हणून. ती गेली. जायला नको होतं, पण गेली. नोकरदार बाईचे पाय तिचे थोडेच असतात. ताटं घासताना तिचं सगळं चित्त केबिनकडं होतं. दर दहा मिनिटांनी ती मोरीच्या खिडकीतून बघायची. कोंडीराम खुर्चीवर बसलेला दिसायचा, पुढं सुदर्शन काहीतरी लिहीत होता.

असा तास गेला आणि पुढच्या वेळी बघितलं तर खुर्ची रिकामी.

ती धावत पोचली तेव्हा तो खाली पडला होता. हातपाय आखडत होते, दातखीळ बसली होती. टेबलावर कागद होता आणि कागदावर पेन. दुर्गाबाईच्या मुठीत पुन्हा साखर होती, पण मकबूलनं तिचा हात धरला. आता तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, त्यानं कोंडीरामाला उचललं, कंपनीच्या रिकाम्या बसच्या सीटवर आडवं घातलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. जयसिंग गेटवर आडवा हात करत राहिला.

तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला चौतीस. त्यांनी पुढचा शब्द बोलायच्या आधी शीर धरून ग्लुकोज सोडलं. सुई काढेपर्यंत कोंडीरामानं डोळे उघडले. मग बाटली लावली, आणि मग बाईंनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. इथं दुर्गाबाईनं काही लपवलं नाही. कमरेच्या पिशवीतनं दोन्ही पाकिटं काढून पुढं ठेवली, आणि सकाळच्या अर्ध्या गोळीचंही सांगितलं.

डॉक्टरीणबाई वैतागल्या, पण दुर्गाबाईवर नाही. म्हणाल्या, ही छातीची गोळी आणि ही साखरेची गोळी, दोघींची गाठ पडली की साखर तळाला जाते. त्यात पोट रिकामं. एकदा साखर पाजून भागत नाही, पांढऱ्या गोळीचा जोर दिवसभर राहतो, म्हणून ती परत पडली. आता बाटली चालू ठेवायची, दर तासाला टोचून बघायचं, उद्यापर्यंत हलवायचं नाही. साखरेची गोळी बंद, छातीची बदलून देते. दुर्गाबाईनं विचारलं, म्हणजे ते प्यालेले नव्हते ना? बाईंनी एकदा तिच्याकडं आणि एकदा कोंडीरामाच्या माळेकडं बघितलं.

"चौतीस साखरेवर माणूस असाच वागतो. मी तसं लिहून देते."

तो कागद दुर्गाबाईनं पदराच्या गाठीत बांधला. दोन दिवस बाटली चालली. संध्याकाळी एकदा साखर पुन्हा घसरली, पुन्हा सावरली. नर्स टोचायला आली की दुर्गाबाई आकडा विचारायची. सत्तर झाला, नव्वद झाला, एकशे वीस झाला. जन्मात पहिल्यांदा साखर वाढल्याचा आनंद तिला होत होता. तिच्या डोक्यात मात्र एकच होतं: हा कागद त्यांच्या तोंडावर मारायचा आणि दारूड्या हा शब्द पुसून घ्यायचा.

सोमवारी दोघं कंपनीत गेली. जाताना तिनं वाण्याकडनं पाव किलो साखर घेतली. कोंडीरामानं विचारलं, ही कशाला? तिनं पुडा पिशवीत टाकला.

ठेक्याच्या माणसांचं सगळं नम्रता मॅडम बघायच्या. नारायण पेठेतल्या, तिशीच्या, बोलणं मोजूनमापून. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, हे मान्य करायला पाहिजे. दवाखान्याचा कागद त्यांनी सगळा वाचला, दोनदा वाचला.

"म्हणजे माळीमामा प्यायलेले नव्हते," त्या म्हणाल्या.

दुर्गाबाईचा जीव भांड्यात पडला. पण मॅडमनी फाइल उघडली.

"पण मग ह्यांना डायबेटिस आहे. आणि फिटनेसच्या फॉर्मवर तो लिहिलेला नाही. माहिती लपवली, असं होतं हे."

मग त्यांनी नियम समजावून सांगितला. अगदी शांतपणे, लहान पोराला समजवावं तसा. दारू पिऊन आलेल्याला पहिल्या वेळी पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवतात, माफीनामा घेतात आणि परत कामावर घेतात. आजार लपवलेल्याला काढून टाकतात, कायमचं. ठेक्यात तसं लिहिलेलंच आहे, त्यांच्या हातात काही नाही. शिवाय चार पुड्यांची एक नोंद आहे, पण तेवढ्याकडं त्या काणाडोळा करायला तयार होत्या.

पिणाऱ्याला माफी आहे आणि आजाऱ्याला नाही. दुर्गाबाईला वाटलं आपल्याला ऐकू नीट आलं नाही. हा कोणत्या देवाघरचा न्याय? झिंगून आलेला गडी पंधरा दिवसांनी ताठ मानेनं परत यावा आणि ज्याच्या छातीत त्यांच्या इमारतीला लागलेल्या खडीचा धुरळा बसलाय त्यानं तोंड काळं करावं?

मॅडमनी दवाखान्याचा कागद घडी घालून हळूच तिच्याकडं सरकवला. "असं करा मावशी. हा कागद तुम्ही मला दाखवलाच नाही. तुमच्याच भल्याचं सांगते आहे." मग त्यांनी दुसरा कागद काढला, सुदर्शननं लिहिलेला तो माफीनामा. मी दारू पिऊन कामावर आलो, असं त्यात होतं. खाली 'कों' एवढंच अक्षर आणि पुढं एक रेघ, फरफटत कागदाच्या बाहेर गेलेली. "ही सही चालणार नाही. नव्या कागदावर नीट सही करा आणि पंधरा दिवसांनी या."

दुर्गाबाईनं त्या रेघेवरनं बोट फिरवलं. माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्या बोटांत पेन धरायला दिलं होतं ह्यांनी.

कोंडीरामानं दोन्ही हात मानेमागं नेले आणि माळ काढली. एकवीस वर्षांत ती अंघोळीलासुद्धा उतरली नव्हती. त्यानं ती दुर्गाबाईच्या ओंजळीत ठेवली.

"माळ घालून खोटं लिवता येत न्हाय," तो म्हणाला. "धर. सही करतो. दोघांचंबी काम ऱ्हाईल."

नम्रता मॅडम पेनाचं टोपण काढता काढता थांबल्या. त्यांनाही ते बघवलं नाही, पण कागद काही त्यांनी मागं घेतला नाही.

दुर्गाबाई उठली. माळेचे मणी घामानं गुळगुळीत झाले होते. तिनं ती परत नवऱ्याच्या गळ्यात घातली, केसांत अडकलेली सोडवून नीट सारखी केली.

"अवं, उठा," ती म्हणाली. "तुमी प्याला न्हाई. भाकरीसाठी म्या तुमाला दारूड्या करणार न्हाई. त्या डाक्टरापुढं एकदा खोटं बोलले, तेवढं पुरं झालं."

मग तिनं पिशवीतनं साखरेचा पुडा काढला आणि माफीनाम्यावर ठेवला.

"बाई, चार पुड्या न्हेल्या व्हत्या, ही पाव किलो हाय. इथंच ठेवा. उद्या तुमच्यातलं कुणी गार घामानं भिजून पडलं, तर आधी ही चारा आणि दवाखान्यात न्या. तोंड मागनं हुंगा."

मॅडमनी पुडा हळूच कागदावरनं बाजूला सरकवला.

दोघं गेटवर आली. ऊन तापलं होतं आणि गवतावर दुसराच कोणी माळी पाणी मारत होता. जयसिंगनं सवयीनं पिशवीसाठी हात पुढं केला आणि विचारलं, काय नेतेस?

"नवरा," दुर्गाबाई म्हणाली. "शुद्धीवर हाय. लिही."

जयसिंग हसायला गेला, पण तिचं तोंड बघून त्याला जमेना. जा म्हणाला, जाऊ दे. ती जागची हलली नाही. मागं कंपनीची बस येऊन उभी राहिली, मकबूलच्या जागी दुसराच ड्रायव्हर होता. त्यानं हॉर्न वाजवला. मग दुसऱ्या गाड्यांनी वाजवला. दुर्गाबाई गेटाच्या मधोमध उभी.

"चार पुड्या लिवल्या व्हत्यास न्हवं? त्याच वहीत हेबी लिही."

शेवटी जयसिंगनं वही उघडली आणि लिहिलं. दुर्गाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून कोंडीरामानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: कोंडीराम माळी, अकरा वाजून वीस मिनिटं, शुद्धीवर बाहेर गेला. मग त्यानं जयसिंगच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. एकही अक्षर रेघेबाहेर गेलं नाही.